पीटर जॅक्सनचा किंग काँग: एवढी हवा, एवढं कौतुक, तरी लोक ‘पडला’ का म्हणतात?

रानवारा

मंडळी, भाचा सुट्टीत येतोय, पाचवीत आहे, काँग आणि गॉडझिलाचे नवे सगळे पिक्चर त्याला तोंडपाठ. त्याला पीटर जॅक्सनचा २००५ चा किंग काँग (बेटावरच्या महाकाय गोरिलाला पकडून न्यूयॉर्कला आणतात ती गोष्ट, १९३३ च्या सिनेमाचा रिमेक) दाखवायचं मनात आहे. मला स्वतःला हा सिनेमा फार आवडतो, पण कुठेही विषय काढला की समोरून ‘अरे तो तर पडला होता ना’ हे येतंच आणि हे कोडं मला सुटत नाही. तेव्हाची परीक्षणं काढून बघा, बहुतेकांनी डोक्यावर घेतलाय, अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिलेत, तीन ऑस्कर मिळाले (एक इफेक्ट्सचं, दोन साउंडची), जगभरात ५५ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. मग पडला कुठे? ज्यांनी तेव्हा थेटरात पाहिला त्यांनी सांगा ना, रिलीजच्या आधी वातावरण काय होतं. आणि दुसरं म्हणजे पोराला तीन तासांचा नेहमीचा दाखवू की एक्स्टेंडेड, म्हणजे वाढवलेला?

सत्तरएमएम

पडला बिडला काही नाही. लोकांनी मनात जो आकडा धरून ठेवला होता तिथे पोचला नाही, एवढंच. आणि तो आकडा कुठून आला ते बघ. २००४ मध्ये जॅक्सनच्याच रिटर्न ऑफ द किंगने (लॉर्ड ऑफ द रिंग्जचा शेवटचा भाग) ११ ऑस्कर नेली होती, नामांकनं ११ आणि जिंकली पण ११. त्यानंतर त्याच माणसाचा पुढचा पिक्चर म्हणजे हा. शिवाय गोष्ट अशी की लहानपणी टीव्हीवर १९३३ चा काँग बघून हा माणूस पछाडलेला, पोरवयात घरच्या घरी मॉडेल बनवून तो परत शूट करायचा प्रयत्न केलेला. मग नव्वदच्या दशकात युनिव्हर्सलने त्याच्याकडे काँग दिला आणि १९९७ मध्ये काढूनही घेतला, कारण तेव्हा गॉडझिला आणि मायटी जो यंग दोन्ही येऊ घातले होते आणि स्टुडिओला राक्षसांची गर्दी नको होती. लॉर्ड ऑफ द रिंग्जनंतर तोच स्टुडिओ परत दारात, आणि यावेळी जॅक्सन आणि त्याच्या दोन सहलेखिका मिळून २ कोटी डॉलर, वर कमाईत वाटा. म्हणजे पिक्चर यायच्या आधीच ‘स्वप्न पूर्ण होतंय’ ही स्टोरी सगळ्यांना पाठ होती.

त्यात शूटिंग चालू असतानाच त्याने व्हिडिओ डायऱ्या नेटवर टाकायला सुरुवात केली. आज रोजचं आहे ते, तेव्हा नव्हतं. आम्ही नेट कॅफेत जाऊन एकेक डायरी लोड व्हायची वाट बघत बसायचो, सेटवर न्यूयॉर्कचे रस्ते कसे उभे राहतायत, बोट कशी हलवतात, सगळं बघून झालेलं. त्यामुळे डिसेंबर २००५ उजाडेपर्यंत टायटॅनिकला गाठणार का अशा भाषेत पेपरात लिहून यायला लागलं होतं. आता बजेट २० कोटींच्या वर, तीन तासांचा पिक्चर म्हणजे दिवसाचे शो कमी, एक आठवडा आधी नार्निया आलेला, आणि अमेरिकेत पहिल्या वीकेंडला जमले ५ कोटी. रिटर्न ऑफ द किंगने त्याच मोसमात ७ कोटींच्या वर जमवलेले. झालं, सोमवारी सगळीकडे ‘निराशा’ हा एकच शब्द, आणि तो जो चिकटला तो आजपर्यंत. पुढचे कित्येक आठवडे पिक्चर चालत राहिला, डीव्हीडी जोरात खपली, ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

कावेरी_के

धंद्याचं पटलं, पण सगळं खापर अपेक्षांवर फोडू नका प्लीज. मी हा सिनेमा थेटरात पाहिलाय आणि पहिला तास मला जड गेला होता, आजही जातो. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. १९३३ चा आख्खा पिक्चर साधारण १०० मिनिटांत संपतो आणि इथे काँगचं दर्शन व्हायलाच तासापेक्षा जास्त वेळ जातो. मंदीतलं न्यूयॉर्क, नायिका अ‍ॅनचं बंद पडलेलं थेटर, इथपर्यंत सुंदर आहे, पण बोटीवरचा तो पोरगा जिमी आणि त्याला सांभाळणारा हेज यांची गोष्ट एवढी रंगवायची आणि बेटावरून परतल्यावर त्या पोराचं नावही नाही, हे काय? सिनेमाचं कौतुक करणाऱ्या समीक्षकांनीही लांबीबद्दल तेव्हाच नाराजी लिहिली होती.

आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त खटकते ती बेटावरच्या माणसांची. १९३३ मध्ये त्यांना रानटी दाखवलं ते त्या काळाचं होतं म्हणून सोडून देता येतं, पण २००५ मध्ये रिमेक करताना सगळं बदलायची मुभा असताना ती माणसं अजून भयानक, डोळे फिरवणारी, नाव नाही गाव नाही अशी दाखवली. गंमत बघा, नंतर ब्रॉडवेच्या स्टेजवर काँगला उभं करतात तिथे जे नाचणारे लोक आहेत त्यांचे कपडे आणि मागचं संगीत थेट १९३३ च्या सिनेमातून घेतलंय, म्हणजे तो जुना दिखावा खोटा होता हे जॅक्सनला नक्की कळत होतं. मग बेटावर तसं का नाही सुचलं? यावर टीका झाली आणि ती योग्यच होती.

फ्रेमवाला

कावेरीताईंशी बेटावरच्या लोकांबद्दल शंभर टक्के सहमत. मी कंपोझिटिंगमध्ये (वेगवेगळी शूट केलेली चित्रं एका शॉटमध्ये जोडणं) काम करतो त्यामुळे माझ्या नजरेला दुसरं एक खुपतं, ते म्हणजे ब्रॉन्टोसॉरसची चेंगराचेंगरी. पळणारी माणसं आणि मागचे प्राणी वेगवेगळ्या उजेडात आहेत, पायाखालची जमीन जुळत नाही, आणि हे शॉट एकामागून एक येत राहतात. समीक्षकांनीही नेमका हाच सीन धरला होता. शेवटपर्यंत शॉट वाढत गेले की असंच होतं, संगीतकारसुद्धा ऐनवेळी बदलला, हॉवर्ड शोर गेला आणि जेम्स न्यूटन हॉवर्डने थोड्या आठवड्यांत सगळं संगीत केलं.

पण याच पिक्चरमध्ये काँगचा चेहरा आहे आणि त्यासाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे. काँगची भूमिका करणारा अँडी सर्किस त्यासाठी रवांडात जाऊन गोरिला बघून आला. सेटवर तो अ‍ॅन झालेल्या नेओमी वॉट्सच्या समोर खरंच हजर असायचा, म्हणजे ती हिरव्या पडद्यावरच्या चेंडूकडे बघून रडत नव्हती, समोर एक नट होता. नंतर त्याने चेहऱ्यावर ठिपके चिकटवून तोच अभिनय पुन्हा दिला आणि इफेक्ट्स करणाऱ्या वेटा कंपनीच्या लोकांनी तो गोरिलाच्या हाडांवर, स्नायूंवर बसवला. माणसाचा चेहरा नुसता उचलून चिकटवला असता तर कार्टून झालं असतं. कड्यावरचा सीन पॉज करत करत बघा. अ‍ॅन जीव वाचवायला नाच करून दाखवते, कोलांट्या मारते, याला मजा वाटते म्हणून हा बोटाने तिला परत परत पाडतो, ती शेवटी ठणकावून नाही म्हणते आणि हा चिडतो, दगड फेकतो, आणि मग नजर चोरतो. ती नजर चोरणं बघा. जबडा एका बाजूने वाकडा, अंगावर जुने व्रण, म्हातारा आणि एकटा. एक शब्द न बोलता एवढं सगळं कळतं.

जुना_प्रोजेक्टर

फ्रेमवाला, फार छान लिहिलंत. फक्त मूळ काँगचं ऋण विसरू नका. १९३३ चे इफेक्ट्स करणाऱ्या विलिस ओब्रायनचं ते काँगचं बाहुलं जेमतेम दीड फुटाचं होतं, त्याची फर प्रत्येक फ्रेमला हलवणाऱ्याची बोटं लागून विस्कटायची आणि पडद्यावर ती सळसळताना दिसते. टी-रेक्सला मारल्यावर काँग त्याचा तुटलेला जबडा हलवून बघतो, मेला का खरंच, तो विचार १९३३ चा आहे आणि जॅक्सनने तो तसाच ठेवला. विमानातून काँगवर गोळ्या झाडणाऱ्यांत १९३३ मध्ये कूपर आणि शोएडसॅक हे दिग्दर्शक स्वतः होते, इथे जॅक्सन स्वतः मशीनगनवर बसलाय. एवढ्या प्रेमाने केलेला रिमेक दुसरा दाखवा.

मधला १९७६ चा आठवतो का कोणाला? निर्माता डिनो डी लॉरेंटिसने ४० फुटी यांत्रिक काँग बनवल्याची केवढी जाहिरात केली, प्रत्यक्षात तो काही सेकंद दिसतो आणि बाकी पिक्चरभर गोरिलाचा सूट घातलेला रिक बेकर आहे. शेवट वर्ल्ड ट्रेड सेंटरवर. तिथे हवा खरंच पोकळ होती. २००५ मध्ये जे जे सांगितलं ते ते पडद्यावर होतं, उलट जास्तच होतं.

रानवारा

वा, सगळ्यांचे आभार. सत्तरएमएम, सोमवारच्या बातमीचं एकदम पटलं, पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यावर पिक्चरचं नशीब लिहून टाकायची सवय तेव्हापासून वाढतच गेलीय. कावेरीताई, जिमीचं बरोबर आहे, पण बोटीवरचा वेळ मला हवासा वाटतो कारण सगळ्यांना बेटावर नेणारा सिनेमावाला डेनहॅम सगळ्यांना गोड बोलून कसा फसवतो ते तिथेच मुरतं, म्हणून शेवटी थेटरातली गर्दी बघताना त्याचा राग येतो. सेंट्रल पार्कमधल्या बर्फावर दोघं घसरतात तो सीन तर मला कधीच लांब वाटला नाही. बरं, आता भाच्याचं सांगा.

कावेरी_के

दरीतले किडे येतात तो सीन आधी तू एकटा बघून घे. संगीत जवळजवळ नाही, नुसते आवाज, आणि स्वयंपाकी लम्पीला त्या मोठ्या अळ्या डोक्यापासून गिळतात. माझ्या मुलीने तेव्हा उशीत तोंड खुपसलं होतं आणि ती सातवीत होती. तेवढा भाग पुढे ढकललास तरी गोष्ट तुटत नाही. बेटावरचे लोक आले की त्याच्याशी बोल त्याबद्दल, पाचवीतल्या पोराला कळतं.

सत्तरएमएम

नेहमीचाच दाखव. एक्स्टेंडेडमध्ये १३ मिनिटं जास्त आहेत, त्यात दलदलीत तराफ्यावर बसलेल्यांना पाण्यातला राक्षसी मासा धरतो तो तुकडा भारी आहे, पण तो सुटा दाखवता येईल. मध्यंतर घ्यायचं तर काँगला क्लोरोफॉर्म देऊन समुद्रकाठी पाडतात तिथे घे, नंतर थेट न्यूयॉर्क सुरू होतं.