बांधकामाच्या साईटवर कौशल्याचं कार्ड सक्तीचं असावं का?

(एका चर्चेतली मतं. प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओळंबा

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका साईटवर कॉलम भरायच्या आदल्या संध्याकाळी मी रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेली लोखंडी कडी, तपासत होतो. रिंगेचा हूक 135 अंशांत आत वळलेला हवा. मग भूकंपात वरचं काँक्रीट उडालं, तरी रिंग उघडत नाही आणि उभ्या सळया जागच्या जागी राहतात. तिथे निम्म्याहून जास्त हूक नुसते काटकोनात मोडलेले होते. फिटर, म्हणजे लोखंड बांधणारा, म्हणाला, "साहेब, सतरा वर्षं असंच बांधतोय. एकही बिल्डिंग पडलेली नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. हॅलोजन लावून रात्री साडेदहापर्यंत पाइपाच्या तुकड्याने एकेक हूक आत वळवून घेतला.

त्या माणसाकडे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड होतं. वय 18 ते 60 मध्ये बसतं आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आहे, एवढ्यावर ते मिळतं. मुलांची शिष्यवृत्ती, उपचाराला मदत यांसाठी ते हवंच. पण काम येतं का, हे ते कार्ड विचारत नाही. घराचं वायरिंग करणाऱ्याला आपण तारतंत्री परवाना मागतो. सात मजल्यांचं लोखंड बांधणाऱ्याला काहीच मागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातूरला सहावीत होतो. ते दिवस पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाले (काँक्रीटचा साचा उभा करणारे), परांची बांधणारे, सगळ्यांची हातातल्या कामाची परीक्षा घ्या, कार्ड द्या आणि कार्ड नसेल तर साईटवर घेऊ नका.

कृष्णाकाठ

मी सांगलीत बावीस वर्षं बंगल्यांची आणि छोट्या अपार्टमेंटची कामं घेतो. सकाळी आठला, मजूर कामासाठी जमतात त्या नाक्यावर जायचं, माणूस निवडायचा, गाडीत घालून आणायचा. साईटवर त्याच्या हातात थापी देतो आणि दोन फूट गिलावा मारायला सांगतो. माल (कालवलेलं सिमेंट-वाळू) भिंतीवर कसा बसतो आणि मनगट कसं फिरतं, एवढं बघितलं की दहा मिनिटांत कळतं. दुपारपर्यंत हात बसला नाही, तर तो स्वतःच बिगारीच्या हजेरीवर, म्हणजे साध्या मजुराच्या रोजावर, यायला तयार होतो. कार्ड यापेक्षा जास्त काय सांगणार आहे?

आणि प्रमाणपत्रं आमच्याकडेही येऊन गेलीत. चार-पाच वर्षांमागे एका संस्थेची माणसं आली. जुन्या कामगारांना आधीच येणाऱ्या कामाचं प्रमाणपत्र द्यायची सरकारी योजना आहे म्हणाले. दोन दिवस मांडव घातला, जाकिटं आणि पिवळी हेल्मेटं वाटली, फोटो काढले. परीक्षा म्हणजे नाव, गाव आणि चार प्रश्न, त्यांची उत्तरंही शेजारी उभं राहून सांगितली. माझा ट्रॅक्टरवाला पाणी प्यायला आला होता, त्यालाही गवंड्याचं प्रमाणपत्र मिळालं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण माझ्याकडचे खरे गवंडी दोन दिवसांची हजेरी बुडवून तिथे बसले होते.

90 दिवसांच्या दाखल्याचंही तेच. जन्मात घमेलं न उचललेली माणसं मंडळाकडून पेटी आणि भांड्यांचा संच मिळेल म्हणून माझी सही मागायला येतात. मी नाही म्हटलं की दुसरीकडून आणतात. तुम्ही कौशल्याचं कार्ड सक्तीचं करा, त्याचाही दर ठरेल. तो दर भरणार तुमचा फिटर, तुम्ही नाही.

माणदेशी

दोघांच्याही बोलण्यात एक माणूस नाही. माझी आई.

आई म्हसवडहून पुण्याला आली ती 1998 साली, दुष्काळात. तेव्हापासून बांधकामावर आहे. माल कालवणं, विटा वर चढवणं, क्युरिंगचं पाणी, खडीचं घमेलं. इतक्या वर्षांनी तिची हजेरी बिगारीची. माल किती कोरडा, किती ओला हे ती हाताने चेपून सांगते, आणि गवंडी तिला विचारून पाणी घालतात. एकदा गवंडी जेवायला गेला असताना तिने बाथरूमची एक अख्खी भिंत गिलावा करून ठेवली. ओळंबा लावून बघितली, सरळ होती. मुकादमाने तो गिलावा खरवडून काढायला लावला नाही, पण हजेरीही वाढवली नाही. म्हणाला, "बाईला गवंडी म्हणून लिहिलं तर बाकीचे काम सोडतील."

कृष्णाकाठदादा, तुम्ही नाक्यावर थापी हातात देता म्हणालात. बावीस वर्षांत एकदा तरी बाईच्या हातात दिलीत का? राग धरू नका, मी खरंच विचारते आहे. तुमची दहा मिनिटांची परीक्षा चांगली असेलही, पण ती कुणाची घ्यायची हे तुम्हीच ठरवता. कार्ड असतं, तर आईला कुणाच्या तरी समोर ती परीक्षा मागता आली असती. म्हणून मला कार्ड हवं.

टेम्सकाठ

मूळचा नाशिकचा, आता अकरा वर्षं इंग्लंडमध्ये साईटवर क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे कामाची मापं आणि खर्च मोजणारा. इथे ही पद्धत 1995 पासून आहे, म्हणून जे पाहतो ते लिहितो.

कार्डाला सीएससीएस म्हणतात, म्हणजे बांधकाम कौशल्य प्रमाणपत्र योजनेचं कार्ड. साध्या मजुराचं हिरवं, कुशल कारागिराचं निळं, सुपरवायझरचं सोनेरी, मॅनेजरचं काळं. आधी सुरक्षेची परीक्षा: संगणकावर 50 प्रश्न, 45 मिनिटं, तिची फी. मग कार्डाची फी वेगळी. निळ्या कार्डासाठी नुसती ही परीक्षा पुरत नाही. परीक्षक तुमच्या साईटवर येतो, तुम्ही खरं काम करत असताना बघतो, प्रश्न विचारतो, फोटो आणि नोंदी ठेवतो. त्यातून पात्रता मिळते आणि मग कार्ड. लक्षात घ्या, कायद्याने हे सक्तीचं नाही. पण मोठे ठेकेदार गेटवरच कार्ड तपासतात, त्यामुळे नसलं तर काम नाही, असाच अर्थ होतो.

फायदा मला रोज दिसतो. नव्या माणसाला निदान उंचीवर काम कसं करायचं, खड्ड्याच्या कडेला काय पाहायचं, हे माहीत असतं.

तोटाही सांगतो. 2015 मध्ये बीबीसीने परीक्षा केंद्रांवरची संघटित कॉपी उघड केली होती, म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात तो बाजार इथेही भरला. आणि जुन्या लोकांना अनुभवाच्या जोरावर, मालकाच्या शिफारशीने जी कार्डं मिळाली होती, ती 2024 च्या अखेरीस बंद झाली. आमच्या साईटवर एक वीटकाम करणारे गृहस्थ होते, साठीच्या जवळ आलेले. त्यांच्या भिंती बघायला शिकाऊ मुलं थांबायची. त्यांना सांगितलं गेलं की आता पात्रता मिळवा. "या वयात मी कुणाला विटा लावून दाखवू?" म्हणाले आणि घरी बसले. ते गेल्यावर शिकाऊ मुलांना शिकवायला त्या हाताचा माणूस मिळाला नाही.

नाका

मी नाका कामगारांमध्ये काम करतो. कार्ड सक्तीचं करायला माझा ठाम विरोध आहे. माणदेशीताईंचं म्हणणं वाचून मी दोन दिवस थांबलो, तरीही विरोध आहे.

सिमेंटने बोटांची कातडी जाते. दहा-पंधरा वर्षं माल हाताळलेल्या बाईचा अंगठा मशिनवर लावून बघा. बोट धुतात, तेल लावतात, दुसरं बोट लावतात, मशिन म्हणतं जुळत नाही. आमच्याकडे एक मावशी रेशनसाठी तीन दिवस सलग फेऱ्या मारत होत्या आणि त्यांच्या तिन्ही हजेऱ्या बुडाल्या. प्रत्येक नवं कार्ड म्हणजे अशा फेऱ्या. नोंदणी ऑनलाइन, मग ओटीपी, मोबाईल नंबर बदललेला, आधारवर नाव वेगळं. बंगालमधल्या मालदाहून किंवा झारखंडमधल्या पलामूहून आलेला पोरगा सहा महिने इथे, सहा महिने गावी. त्याला हे कोण करून देणार? एजंट.

आणि दोष कुणाच्या माथी जाणार ते बघा. आज रिंगेचा हूक चुकला तर तो इंजिनिअरने तपासायचा असतो. मजुराला कार्ड दिलंत की उद्या स्लॅब कोसळल्यावर पहिला प्रश्न येईल, सेंट्रिंगवाल्याकडे कार्ड होतं का? प्लायवूड सडकं होतं, प्रॉपखाली (टेकूखाली) विटांचे तुकडे लावले होते, स्लॅब चार दिवसांत उघडायची घाई होती, हे कुणी विचारणार नाही.

ओळंबाजी, तुमच्या फिटरला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, असं तुम्हीच लिहिलंत. त्या सतरा वर्षांत त्याच्या कामावर सही करणारे इंजिनिअर किती झाले असतील?

ओळंबा

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी गप्प झालो. त्या सह्या आमच्याच आहेत. त्या रात्री हूक वळवून घेताना मी त्याला एकदाही नीट समजावलं नव्हतं, नुसता ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवली, तेव्हा त्याने स्वतःहून सगळ्या गँगला बोलावलं.

म्हणून "कार्ड नसेल तर साईटवर घेऊ नका" हे मागे घेतो. पण सगळंच सोडायला तयार नाही. कृष्णाकाठ, तुमची भिंत डोळ्यांसमोर असते. वाकडी झाली तर दिसते, तोडता येते. रिंग काँक्रीटमध्ये जाते, परत कधी दिसत नाही. जे काम झाकलं जातं आणि ज्यावर माणसं उभी राहतात, म्हणजे लोखंड, सेंट्रिंग, परांची, तिथून सुरुवात करू. गिलावा आणि फरशी सध्या राहू दे. आणि सगळ्यांना नको, गँगमागे एका तरी माणसाने ही परीक्षा दिलेली असावी. इंजिनिअरची जबाबदारी आहे तिथेच राहील, ती कार्डावर ढकलता येणार नाही, असं लिहूनच घ्यावं.

हातातल्या कामाची परीक्षा घेता येत नाही, असं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये इस्रायलला बांधकामावर जाणाऱ्यांच्या चाचण्या पुण्यातल्या औंधच्या आयटीआयमध्ये झाल्या. सेंट्रिंग, लोखंड वळवणं, गिलावा, फरशी, सगळं प्रत्यक्ष करून दाखवायचं होतं. परदेशातल्या भिंतीसाठी आपण हे करू शकतो, तर हडपसरच्या भिंतीसाठीही करू शकलो पाहिजे. परीक्षेच्या दिवसाची हजेरी उपकरातून द्यावी. 1996 च्या कायद्यापासून बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होत आला आहे, तो कामगारांसाठीच आहे.

माणदेशी, तुमच्या आईंचा गिलावा माझ्या या यादीत बसत नाही. ते मला खटकतं आहे, पण उत्तर सापडलेलं नाही.

माणदेशी

उत्तर सोपं आहे. सक्ती नको असेल तर नको. पण जो कुणी परीक्षा मागेल, त्याला ती नाकारायची नाही, एवढं लिहा. आणि परीक्षक मुकादमाच्या ओळखीचा नसावा.

नाका

हे मला मान्य आहे. हजेरी आधी हातात, परीक्षा नंतर. आणि अंगठा नको, फोटो चालेल.

कृष्णाकाठ

ताई, बाईच्या हातात थापी दिली नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. घरी बायकोला वाचून दाखवलं, तीही तेच म्हणाली.

कार्डावर माझा अजून विश्वास नाही. पण पुढच्या आठवड्यात सांगलीतच विश्रामबागला एका घराचा गिलावा सुरू होतोय. माझ्याकडे दोन बायका सहा वर्षं माल कालवतात. मागच्या खोलीची आतली भिंत त्यांना देतो, गवंड्याच्या हजेरीने. ओळंबाजी, त्याच घराच्या जिन्याचं लोखंड शुक्रवारी बांधून होईल. यायला जमत असेल तर या आणि खडू घेऊन या. माझ्या फिटरनाही हूक कसा हवा ते कुणी सांगितलेलं नाही, आणि ते मलाही माहीत नव्हतं.