‘ग्लोरी’तला प्रतिकार नेमका कोणाचा?

रानवारा (धागाकर्ता):
अमेरिकी यादवी युद्धातील ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीवरचा ‘ग्लोरी’ (१९८९) हा आदर्श चित्रपट मानला जातो. मला ते पटत नाही. या पलटणीतील बहुसंख्य सैनिक मुळात स्वतंत्र असलेले उत्तरेकडचे कृष्णवर्णीय होते, परंतु पडद्यावर प्रामुख्याने माजी गुलाम दिसतात आणि त्यांना घडवण्याचे श्रेय कर्नल शॉ या गोऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. पगाराचाच प्रसंग पाहा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ वजा. चित्रपटात ट्रिप हा माजी गुलाम सैनिक पगाराचा कागद फाडतो, मग शॉही फाडतो आणि विषय मिटतो. प्रत्यक्षात १८ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरील हल्ल्यात शॉ मारला गेल्यानंतरही हे सैनिक बिनपगारी लढत राहिले, पगारातला फरक भरून देण्याची मॅसॅच्युसेट्स राज्याची तयारीही त्यांनी नाकारली, आणि अखेर जून १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. चित्रपट मात्र वॅग्नरपाशीच संपतो.

तिसरी घंटा:
चित्रपट बऱ्याच अंशी शॉच्या पत्रांवर बेतला असल्याने त्याची नजर येणारच. शिवाय ट्रिपला चाबकाचे फटके मारण्याचा प्रसंग आपण सोयीने वगळलात. ट्रिपचा सदरा उतरवल्यावर पाठीवर जुने वळ दिसतात. तो ओरडत नाही, शॉकडे रोखून पाहतो, एक अश्रू तेवढा ओघळतो. हुकूम शॉचा असला तरी अस्वस्थ तोच होतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच. साथ देणाऱ्याचे ऋण मानल्याने पीडिताचे कर्तृत्व उणे होत नाही.

पानगळ:
अर्पणपत्रिका त्या सज्जनांना आहे हे खरे, पण पुस्तकभर बोलतात ते जोतीराव आणि धोंडिबा! फटक्यांचे म्हणाल, तर अमेरिकी सैन्यात ती शिक्षा १८६१ मध्येच बंद झाली होती. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण दाद देता तो दिग्दर्शकाने गुलामांच्या मळ्यावरून उचलून छावणीत आणलेला आहे. आणि पत्रे काय एकट्या शॉनेच लिहिली? याच पलटणीतील कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला लिहून, आम्ही सैनिक आहोत की मजूर, असे विचारले होते. गुलामगिरीविरोधी चळवळीचे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा लुईस तर तिथे सार्जंट मेजर होता. कथेत त्याला जागा नाही.

तिसरी घंटा:
गुडिंगवर स्वतंत्र चित्रपट जरूर व्हावा, मीही तिकीट काढेन. परंतु यादवी युद्धात १,८०,००० च्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक लढले, याची ज्या प्रेक्षकांना गंधवार्ता नव्हती, त्यांच्यासमोर ती गोष्ट आधी याच चित्रपटाने ठेवली.