साधा एमआरआय ट्रॅक्टोग्राफीला पुरणार नाही

ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) डीबीएस, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया करायची, तर कोल्हापुरात आधीच काढलेल्या एमआरआयवरून मेंदूतल्या तंतूंचा नकाशा (ट्रॅक्टोग्राफी) करता येईल का, असा प्रश्न आलाय. नाही. त्याला वेगळा डिफ्यूजन स्कॅन लागतो, म्हणजे मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने पसरतं ते मोजणारा एमआरआय: साधारण २ मिमीचे व्हॉक्सेल (चित्राचे छोटे ठोकळे), बी-व्हॅल्यू (पाण्याची हालचाल किती ठळक टिपायची याचा आकडा) किमान १०००, मोजायच्या दिशा ३० तरी, ६० असल्या तर उत्तम. फेज एन्कोडिंग (स्कॅनरची चित्र टिपण्याची दिशा) उलटं करून एक बी-झीरोही, म्हणजे बी-व्हॅल्यू शून्य ठेवून काढलेलं चित्रही मागून घ्या; चित्रातला वाकडेपणा त्यावरून दुरुस्त करता येतो. सायनसच्या हवेमुळे कपाळामागचा भाग वेडावाकडा येतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. हे बहुतेक वेळा राहून जातं.

दुसरी गोम तंतू एकमेकांना छेदतात तिथे. दसरा चौकातल्या सगळ्या गाड्यांची सरासरी दिशा काढली तर त्या दिशेला एकही गाडी जात नसते; प्रत्येक ठोकळ्यात एकच दिशा धरणारं साधं टेन्सर मॉडेल तेच करतं. तिथे सीएसडी वापरा, ती पद्धत एका ठोकळ्यातल्या अनेक दिशा वेगळ्या काढते. खोटे तंतू मात्र त्यातही निघतात, म्हणून रंगीत चित्रावर भाळू नका. कवटीला भोक पाडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव गळून मेंदू सरकतो, तेव्हा इलेक्ट्रोड बसल्यावर सीटी काढून नकाशाशी जुळवावाच लागतो.

आणि हो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती आणि संबंधित मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात.