मदत हवी आहे: ड्युटास्टेराइड चालू असताना पीएसए ३.१, पुढे काय?

वडील, वय ६६. प्रोस्टेट वाढल्यामुळे दीड वर्षापासून टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या चालू. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायची रक्ताची टेस्ट) ३.१ आला. रिपोर्टवर ४ पर्यंत नॉर्मल छापलंय, म्हणून घरचे निश्चिंत. पण ड्युटास्टेराइडने सहा महिन्यांनंतर पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणजे खरा आकडा ६ च्या आसपास धरायचा. शिवाय मागच्या वेळी २.२ होता. गोळी नियमित चालू असताना आकडा चढावा, हे जास्त खटकतं.

सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा केला: ३.२. आधीचे दोन दिवस सायकल आणि संबंध बंद होते. लघवीचं कल्चर स्वच्छ. बोटाने केलेल्या तपासणीत गाठ नाही. सख्ख्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता.

युरॉलॉजिस्ट म्हणतात आधी एमआरआय, मग गरज वाटली तर बायोप्सी. अडचण अशी की पेसमेकर जुना आहे, एमआरआय चालणाऱ्यातला नाही. हृदयातल्या स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. (भोपळ्याच्या बियांसारखे घरगुती उपाय कृपया सुचवू नका.)

असा पेसमेकर असताना कार्डिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली एमआरआय पुण्या-मुंबईत कुठे करतात? नसेल, तर गुदद्वारातून न करता पेरिनियममधून (वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून) बायोप्सी कोणी करून घेतली आहे का, आणि तेव्हा क्लोपिडोग्रेलचं काय केलं?