मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टेब्रल धमनीचं डिसेक्शन (भिंतीतली चीर) फुटलंय: एमआरआय करून सकाळी पाठवू की आत्ताच?

फिजिशियन, अमळनेर
वय ४६, बीपी जुनं. दोन दिवस नुसतं "मान दुखी ऱ्हायनी", आज एकदम उलट्या आणि गुंगी. साध्या सीटीत ब्रेनस्टेमसमोर (मेंदूच्या देठासमोर) रक्त. अँजिओत उजवी व्हर्टेब्रल फुगलेली, पुढे लगेच बारीक. पायका (लहान मेंदूला रक्त देणारी तिची फांदी) फुग्याच्या आधीच निघते. बीपी १९०/११०. एमआरआय करून सकाळी पाठवलं तर चालेल?

रेडिओलॉजिस्ट, धुळे
एमआरआयसाठी थांबू नका सर. फुगा आणि त्याला लागून अरुंद भाग, हे डिसेक्शनचंच चित्र. भिंतीतलं रक्त एमआरआयच्या टी१ फॅट-सॅटवर (चरबी दाबून काढलेल्या चित्रांत) चंद्रकोरीसारखं पांढरं दिसतं, पण पहिले दोन-तीन दिवस दिसेलच असं नाही. तेव्हाचा नॉर्मल रिपोर्ट फसवतो. डावी व्हर्टेब्रल किती जाड आहे, त्यावर पुढचं सगळं ठरेल. फिल्म नको, थिन कटची (बारीक कापांच्या सीटीची) सीडी सोबत द्या.

न्यूरो-इंटरव्हेन्शन, नाशिक
आत्ताच निघा. कवटीत शिरल्यावर या धमनीला बाहेरचा लवचिक पडदा जवळजवळ राहत नाही, म्हणून चीर थेट बाहेर फुटते. पुन्हा रक्तस्रावाचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त.

लॅबेटॅलॉल १०-२० मिग्रॅ हळूहळू शिरेतून. वरचं बीपी १६० च्या खाली आणा, एकदम पाडू नका. निमोडिपिन ६० मिग्रॅ तोंडावाटे दर ४ तासांनी. बीपी घसरलं तर ३० मिग्रॅ दर २ तासांनी. अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिन अजिबात नको. जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) ८ किंवा कमी असेल तर श्वासाची नळी तिथेच घाला, वाटेत राहूड घाटात ती वेळ येऊ देऊ नका. गुंगी मेंदूत पाणी साचल्यामुळेही असेल, तेव्हा निघण्याआधी सीटीत व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) पुन्हा बघा.

या फुग्याला मान (अरुंद तोंड) नसते, म्हणून नुसता फुगा कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्यांनी) भरून भागत नाही. डावी बाजू चांगली असेल तर फाटलेला भाग धमनीसकट बंद करतो. फक्त खालून बंद केलं तर डावीकडून उलटं रक्त येऊन फुगा पुन्हा फुटू शकतो. अँटीरियर स्पायनल (मज्जारज्जूची धमनी) कुठून निघते तेही आधी बघावं लागतं. पायका फुग्यातूनच निघाली असती तर फ्लो डायव्हर्टरचा (रक्त फुग्यापासून वळवणाऱ्या जाळीदार स्टेंटचा) विचार करावा लागला असता, पण त्याला दोन अँटिप्लेटलेट (गुठळी रोखणारी औषधं) लागतात आणि ताज्या रक्तस्रावात तीच अडचण.

फिजिशियन, अमळनेर
लॅबेटॅलॉल दिलं, १०८ बोलावली. रक्तस्राव नसता, नुसती मानदुखी किंवा वॉलेनबर्ग (ब्रेनस्टेमच्या बाजूचा स्ट्रोक) असता तर?

न्यूरो-इंटरव्हेन्शन, नाशिक
इस्केमिया (रक्त कमी पडणं) असेल तर अ‍ॅस्पिरिन, बीपीवर ताबा, मान मोडून घेणं कायमचं बंद. काही आठवड्यांत आणि मग साधारण ३ महिन्यांनी पुन्हा इमेजिंग. बरेच आपोआप भरून येतात. फुगा वाढत असेल तरच हात घालायचा.