शब्दचर्चा : ड्राफ्ट, सेंटर, होतकरू आणि आइस हॉकीची इतर भाषा

धागाकर्ती

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इथल्या कॉलेजातल्या दोन मुलांनी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग) ड्राफ्टवर, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडण्यावर, लेख लिहिलाय, आणि तो मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. निम्मा लेख ज्युनियर लीगमधले सेंटर कसे पारखतात यावर आहे. मी ‘ड्राफ्ट’ला ‘लिलाव’, ‘सेंटर’ला ‘मध्यरक्षक’ आणि ‘प्रॉस्पेक्ट’ला ‘संभाव्य खेळाडू’ असं लिहिलं. तिन्ही शब्दांना मुलांनी नकार दिला. शिवाय ‘हा खरंच सेंटर आहे का’ हा प्रश्न त्यांच्या लेखात सारखा येतो. रोज सेंटर खेळणाऱ्या मुलाबद्दल असं का विचारायचं, हेच मला कळत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

लिलाव नक्कीच नको. लिलाव म्हटलं की बोली आली. आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभं राहतं. इथे खेळाडूवर पैसे लागत नाहीत. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आपली पाळी आली की एक नाव घ्यायचं, एवढंच. साधारणपणे आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी येते, आणि अगदी वरच्या पाळ्यांसाठी सोडत काढतात. ज्याचं नाव घेतलं त्याच्याशी करार करायचा हक्क त्या संघाचा. ‘ड्राफ्ट’ तसाच ठेवा, पण त्याच्या भोवतीचं मराठी असू द्या : ‘पहिल्या फेरीत गेला’, ‘चौथ्या पाळीला घेतला’, ‘दोन पाळ्या देऊन वरची पाळी मिळवली’.

‘मध्यरक्षक’ चालणार नाही, कारण सेंटर आघाडीच्या तिघांतला मधला असतो. रक्षक आला की तो बचावपटू वाटतो. मात्र मैदानी हॉकीतला सेंटर फॉरवर्डही हा नव्हे. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड होते आणि गोल करणं हे त्यांचं पहिलं काम होतं. आइस हॉकीच्या सेंटरला फेसऑफ घ्यायचा असतो (पंचानं दोघांमध्ये टाकलेली चकती, म्हणजे पक, आपल्याकडे ओढायचा), पक मधल्या पट्ट्यातून वर न्यायचा असतो, आणि पक समोरच्यांकडे गेला की थेट आपल्या गोलच्या तोंडाशी येऊन बचावपटूंना हात द्यायचा असतो. ‘सेंटर’च लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे हे एका वाक्यात सांगा.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझ्या मते सगळी पारख तिथेच आहे.

क्रिकेटमध्ये आपण ‘सलामीला येतो’ आणि ‘सलामीवीर आहे’ यांत फरक करतो. पहिलं त्या संघाच्या गरजेपुरतं, दुसरं खेळाडूबद्दल. तसंच इथे ‘सेंटरला खेळतो’ आणि ‘सेंटर आहे’. ज्युनियर संघात सगळ्यांत तरबेज मुलाला बहुधा मध्येच टाकतात. सतराव्या वर्षी मधे खेळणारा बाविसाव्या वर्षी मोठ्या माणसांविरुद्धही मधे टिकेल का, हा मुलांच्या लेखातला प्रश्न आहे. अनेकजण टिकत नाहीत आणि विंगला, म्हणजे आघाडीच्या कडेला, जातात.

कारण समजायला फार अवघड नाही. विंगर बराच वेळ कडेच्या भिंतीलगत असतो. एका बाजूला भिंत, त्यामुळे धोका अर्ध्याच बाजूनं. सेंटरला पक मिळतो तेव्हा माणसं चारी बाजूंना असतात. म्हणून स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारे, त्याच्या गोलांच्या आधी त्याची मान बघतात. बचावपटू कोपऱ्यातून पक काढतोय, सेंटर गोलजवळून वळून वर निघालाय. पक काठीला लागायच्या आधी त्यानं एकदा खांद्यावरून मागे पाहिलं का? पाहिलं असेल तर पक आल्या आल्या पुढे जातो. नसेल तर तो थांबतो, आणि मोठ्या लीगमध्ये तेवढ्यात कुणीतरी अंगावर आलेलं असतं. याला इंग्रजी बातम्यांत ‘हॉकी सेन्स’ म्हणतात. ‘खेळाची जाण’ हा आपला शब्द त्याला अगदी चपखल आहे.

उदाहरण २०१८ चं. मॉन्ट्रियल कनेडियन्सला बरीच वर्षं पहिल्या फळीचा (फळी म्हणजे एकत्र उतरणारे आघाडीचे तिघे) सेंटर नव्हता. तिसऱ्या पाळीला त्यांनी फिनलंडचा येस्पेरी कोटकानिएमी घेतला. तो आपल्या क्लबकडून त्या हंगामात बहुतेक विंगला खेळला होता. सेंटर म्हणून दिसला तो मुख्यतः १८ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात. पुढच्याच पाळीला ओटावानं ब्रेडी टकाचक हा विंगर घेतला, जो पुढे त्यांचा कर्णधार झाला. कोटकानिएमी एनएचएलमध्ये खेळतोय, पण पहिल्या फळीचा सेंटर काही झाला नाही, आणि २०२१ मध्ये कॅरोलायनाकडे गेला. ‘आम्हाला सेंटर हवा’ आणि ‘हा सेंटर आहे’ ही दोन वाक्यं तेव्हा एकमेकांत मिसळली, असं माझं स्पष्ट मत आहे. गरज संघाची होती, त्या मुलाच्या खेळात ती गोष्ट अजून सिद्ध व्हायची होती.

‘लाइन’ला मी ‘फळी’ म्हटलंय ते मुद्दाम. मधली फळी आपल्याला परकी नाही.

प्रतिसाद ३

प्रॉस्पेक्टला ‘होतकरू’. ‘संभाव्य’ म्हटलं की शिबिराला बोलावलेल्या तीस-चाळीस जणांची यादी आठवते.

धागाकर्ती

‘होतकरू’ मीही आधी लिहिलं होतं, पण ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’ असं काहीतरी मनात येतं. ‘उदयोन्मुख’ कसा वाटतो?

प्रतिसाद ३

‘गरीब’शी जोडी लावून आपणच त्या शब्दावर अन्याय केलाय. होतकरू म्हणजे पुढे काहीतरी होईल अशी लक्षणं दिसणारा. नेमकं हेच म्हणायचंय. उदयोन्मुख त्याच्या पुढची पायरी आहे, मोठ्या लीगमध्ये उतरून चमकू लागलेल्याला तो शोभतो. कॉनर बेडार्ड २०२२-२३ मध्ये रिजायना या ज्युनियर संघाकडून ५७ सामन्यांत १४३ गुण करत होता तेव्हा होतकरू. शिकागोनं पहिल्याच पाळीला घेतल्यावर त्यानं तिथे गोल करायला सुरुवात केली तेव्हा उदयोन्मुख. (गुण म्हणजे गोल आणि गोलला केलेलं साहाय्य यांची बेरीज, हेही लेखात सांगा.)

प्रतिसाद २

सहमत. आणखी दोन शब्द सांभाळून वापरा.

‘रॉ’ला ‘कच्चा’ बरोबर आहे, पण कशात कच्चा ते लिहा. सॅम बेनेट हा सेंटर २०१४ च्या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत एकही पुल-अप काढू शकला नाही, आणि त्याची फार चर्चा झाली. तो अंगानं कच्चा होता, खेळात नव्हता. कॅलगरीनं त्याला चौथ्या पाळीला घेतलं. २०२५ मध्ये फ्लोरिडानं स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्याला मिळाली.

दुसरा ‘अंडरसाइज्ड’. ‘बुटका’ अजिबात लिहू नका, तो शब्द लागतो. ‘लहान चणीचा’ म्हणा. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडन पॉइंट तिसऱ्या फेरीत, ७९ व्या पाळीपर्यंत उरला, कारण चण लहान. टॅम्पा बेनं त्याला मधेच खेळवलं, आणि २०२० व २०२१ चे दोन स्टॅनली कप जिंकले त्यात त्याचा वाटा फार मोठा होता. सेंटरची उंची पाहणं चूक नाही, गोलजवळ धक्काबुक्की त्यालाच सोसावी लागते. पण आधी जाण, मग पाय, मग उंची असा क्रम मला पटतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. ‘सीलिंग’ (खेळाडू जास्तीत जास्त कुठवर जाईल) आणि ‘फ्लोर’ (निदान कुठवर जाईल) राहिलेत. ‘छत’ आणि ‘जमीन’ लिहून पाहिलं, वाचवत नाही. आणि ‘टू-वे सेंटर’ला ‘अष्टपैलू’?

प्रतिसाद १

‘अष्टपैलू’ क्रिकेटनं घेऊन टाकलाय. ‘दोन्ही टोकांना खेळणारा’ म्हणा. पात्रिस बर्जरॉनचा दाखला द्या : २००३ मध्ये दुसऱ्या फेरीत ४५ वा गेला आणि पुढे बचाव उत्तम करणाऱ्या आघाडीपटूची सेल्की ट्रॉफी सहा वेळा मिळवली.

सीलिंग-फ्लोरसाठी नाम शोधत बसू नका, क्रियापदानं काम होतं. ‘जमलं तर पहिल्या फळीपर्यंत जाईल, नाही जमलं तरी तिसऱ्या फळीचा सेंटर कुठे जात नाही.’ अगदीच नाम हवं असेल तर ‘झेप’ आणि ‘हमी’ : याची झेप मोठी, हमी कमी.

धागाकर्ती

मग एक परिच्छेद असा केलाय, बघा : ‘हा होतकरू खेळाडू सध्या सेंटरला खेळतो. खेळाची जाण पक्की, अंगानं अजून कच्चा. फेसऑफमध्ये कमी पडतो. पहिल्या फेरीत जाईल, पण एनएचएलमध्ये सेंटर राहील का, याबद्दल स्काउटांत मतभेद आहेत.’

प्रतिसाद २

उत्तम उतरलंय. फक्त फेसऑफचं वाक्य शेवटी टाका किंवा ‘अजून कमी पडतो’ करा. फेसऑफला मनगटाचा जोर लागतो, समोरच्याच्या लकबी माहीत असाव्या लागतात, आणि दोन्ही वयानं येतात. सतरा वर्षांच्या मुलाचा तो दोष धरू नये. पक ताब्यात नसताना तो कुठे उभा राहतो यावर मुलांनी काही लिहिलं असेल, तर ते वाक्य वर आणा.