पुस्तकाची रॉयल्टी रिटर्नमध्ये कुठे आणि किती दाखवायची?

लोकमान्यनगरवाली
मी निवृत्त शिक्षिका, इंदूरला राहते. पेन्शन वर्षाला 6,20,000. दोन कथासंग्रह पुण्याच्या एका प्रकाशकांकडे आहेत, त्यांच्याकडून 2025-26 सालचे 56,700 खात्यात आले. इथल्या एका प्रकाशकांसाठी दहावीच्या संस्कृतचं गाइडही लिहिलंय, त्याचे 18,000 मिळाले. त्यातून काही कापलेलं नाही. रिटर्न भरणारे म्हणतात, "बँकेत आलं तेवढं दाखवू, झालं." साहित्य सभेत एकांनी सांगितलं, लेखकांना तीन लाखांपर्यंत सूट असते, प्रकाशकांकडून फॉर्म आणा. प्रकाशक नुसतं "पाठवतो" म्हणतात. काय करावं?

रामबागचे हिशेबनीस
ताई, बँकेतला आकडा मुळीच टाकू देऊ नका. फॉर्म 26एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद, उघडून बघा. आयकर कायद्याच्या 194जे कलमाखाली 63,000 जमा आणि 6,300 टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) दिसेल. 2025-26 पासून रॉयल्टी 50,000 च्या वर गेली की प्रकाशकाला 10 टक्के कापावे लागतात (आधी ही मर्यादा 30,000 होती). उत्पन्न 63,000 दाखवायचं आणि 6,300 आधीच भरलेला कर म्हणून वळते करून घ्यायचे. 56,700 टाकलेत तर खात्याच्या नोंदीशी मेळ बसणार नाही आणि उद्या नोटिशीला उत्तर देत बसावं लागेल. गाइडचे 18,000 सुद्धा दाखवायचेच. टीडीएस कापला नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झालं, असं नसतं.

आता सूट. ती आयकर कायद्याच्या 80क्यूक्यूबी कलमाची, कमाल तीन लाख. पण ती साहित्य, कला किंवा विज्ञानविषयक पुस्तकांना. गाइडं, शालेय पाठ्यपुस्तकं, डायऱ्या, मासिकं यांना कायद्याने सरळ वगळलंय. म्हणजे तुमचे कथासंग्रह बसतात, संस्कृतचं गाइड नाही. शिवाय ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

तुमचा हिशेब मांडून बघितला. नव्या प्रणालीत 6,20,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट, त्यात रॉयल्टीचे 81,000 (63,000 आणि गाइडचे 18,000) मिळवले की 6,26,000. 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत 87ए कलमाची करसवलत आहे, त्यामुळे कर शून्य आणि 6,300 परत. जुन्या प्रणालीत 50,000 ची वजावट आणि 63,000 ची सूट घेऊनही 5,88,000 उरतात. पाच लाखांच्या वर गेलात की तिथली सवलत संपते. मोठी गुंतवणूक किंवा विमा नसेल तर भरावा लागेल तो करच. तेव्हा फॉर्मसाठी प्रकाशकांच्या मागे धावू नका.

स्टेटमेंट मात्र जरूर मागा: किती प्रती गेल्या, छापील किंमत काय, टक्का किती. आपले लेखक संकोचाने हे विचारतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तो हिशेब हा तुमचा हक्क आहे.

स्कीम नंबर 54
काका, मी नोकरीत आहे, घरकर्ज आहे, मला जुनीच प्रणाली परवडते. माझ्या कादंबरीचा करार 20 टक्क्यांचा आहे.

रामबागचे हिशेबनीस
मग 80क्यूक्यूबीच्या सुटीसाठीचा प्रकाशकाचा दाखला, म्हणजे फॉर्म 10सीसीडी, तुम्हाला हवाच. तो रक्कम देणाऱ्याने सही करून द्यायचा, रिटर्नला जोडायचा नाही, जपून ठेवायचा. आणि सुटीसाठी रॉयल्टी विक्रीच्या 15 टक्क्यांपर्यंतच धरतात, ती मर्यादा बघा: वर्षात 3,00,000 ची पुस्तकं विकली गेली तर तुम्हाला 60,000 मिळतील, पण सुटीसाठी 45,000 च धरतील. एकरकमी हक्क विकले असते तर ही मर्यादा नव्हती. लेखन हा तुमचा नियमित व्यवसाय म्हणून दाखवत असाल तर रिटर्नचा आयटीआर-3 हा फॉर्म, आणि जुनी प्रणाली निवडायला आधी फॉर्म 10-आयईए, मुदतीच्या आत.

जेल रोड
वडील गेले. त्यांच्या पुस्तकांची रॉयल्टी आता आईच्या खात्यात येते. तिला ही सूट?

रामबागचे हिशेबनीस
नाही, ती सूट लेखकालाच. आईंच्या रिटर्नमध्ये 'इतर स्रोतांतून उत्पन्न' या सदराखाली दाखवा. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो, त्यामुळे हे नीट लावून घ्या. प्रकाशकांना मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि आईंचा पॅन लेखी कळवा. टीडीएस वडिलांच्याच पॅनवर पडत राहिला, तर आईंना तो परत मिळवताना फार त्रास होतो.

लोकमान्यनगरवाली
काका, आत्ताच 26एएस काढलं. 63,000 आणि 6,300, दोन्ही आहेत. रिटर्नवाल्यांना आज संध्याकाळीच दाखवते.